लघवीची गोळी आणि ‘किडनी धुऊन निघते’चा मेसेज

‘ऑपरेशननंतर अंगावर पाणी चढतं. रोज एक लघवीची गोळी घ्या. सूज उतरते, किडनी धुऊन निघते, टाके लवकर भरतात. सोबत नारळपाणी प्या, मग काही होत नाही.’ बीड-परभणीकडच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय आणि मेडिकलवरून गोळी आणणारेही आहेत.

पाणी चढतं, हे खरं. सलाइन असतंच, शिवाय शस्त्रक्रियेच्या ताणाने शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं. पहिले एक-दोन दिवस लघवी कमी होते, मग बहुतेकांची आपोआप सुटते. पण एकाच पायाला सूज आणि पोटरी दुखत असेल तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तिथे गोळी घेत बसणं म्हणजे जिवाशी खेळ.

‘किडनी धुऊन निघते’ हे सगळ्यात घातक. फ्युरोसेमाइड (लॅसिक्स) ही नेहमीची लघवीची गोळी मूत्रपिंडाला मीठ परत शोषू देत नाही, त्यामागे पाणी जातं. लघवी वाढली म्हणजे किडनी सुधारली असं नव्हे. रक्त गेलंय, उलट्या होताहेत, जेवण नाही, वर मराठवाड्यातला मे महिना. अशा कोरड्या शरीरातून आणखी पाणी काढलं तर बीपी पडतं आणि किडनीचाच रक्तपुरवठा घटतो. त्यात डायक्लोफेनॅक (दुखण्याची गोळी) आणि टेल्मिसार्टन (बीपीची गोळी) चालू असेल तर किडनीला तिहेरी मार. हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरील 2000 सालच्या एका चाचणीत फ्युरोसेमाइड दिलेल्यांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) उलट जास्त वाढलं. किडनी वाचवायला हे औषध देऊ नका, असं केडीआयजीओ या किडनीविकारांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

टाक्यांचं म्हणाल तर जखमेला रक्तपुरवठा, प्रथिनं आणि आटोक्यातली साखर लागते.

म्हणून गोळी वाईट का? मुळीच नाही. हृदय कमजोर आहे, फुप्फुसांत पाणी भरून धाप लागलीय, बायपासनंतर वजन चार-पाच किलोंनी वाढलंय, तिथे हेच औषध जीव वाचवतं. शिरेतून दिलं तर पाचेक मिनिटांत काम सुरू करतं. आधीपासून हृदयासाठी गोळी चालू असलेल्यांनी हे वाचून ती बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं. तिथे रोजचं वजन, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन बघत डोस ठरतो.

आता नारळपाणी. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. फ्युरोसेमाइडने पोटॅशियम उतरतं. मग पायात गोळे येतात, ठोके चुकतात, आतडी सुस्तावतात. पोटाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर ‘वारा सरला का?’ विचारत असतात आणि इकडे पोट फुगलेलं! पण स्पायरोनोलॅक्टोनही लघवीचीच गोळी, तिने पोटॅशियम चढतं. किडनी आधीच अधू असेल तर त्यावर नारळपाणी म्हणजे हृदयाला थेट धोका. आपल्या पाकिटात कुठली गोळी आहे आणि रक्तात पोटॅशियम किती, हे मेसेज पाठवणाऱ्याला ठाऊक नसतं.