शेवट माहीत असतो, मग वाचता कशाला?

आज लंच टाइममध्ये रोमान्सचं पुस्तक वाचत बसले होते. कव्हरवर नेहमीसारखा नेव्ही सील, म्हणजे अमेरिकन नेव्हीतला कमांडो, अंगात शर्ट नाही, मागे हेलिकॉप्टर. टीममधला एक जण जाता जाता वाकून बघून गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अगं तू हे वाचतेस? यात शेवट माहीतच असतो की. हिरो जिवंत परत येणार, दोघांचं जमणार. मग वाचायचं काय उरलं?" सगळे हसले. मी गप्प बसले. आता रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

जास्त लागलं ते यासाठी की हाच प्रश्न मी एकदा ताईला विचारला होता. जवळजवळ याच शब्दांत.

जिजू तेव्हा फील्ड पोस्टिंगवर होते आणि मी ताईकडे राहायला गेले होते. अकरा दिवस फोन आला नव्हता. ताई दिवसभर सगळं नीट करायची, बोलायची, हसायचीसुद्धा, आणि रात्री असली पुस्तकं घेऊन बसायची, रोमँटिक सस्पेन्स, हिरो मिलिटरीतला. नवीन पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान उघडायची, हिरो आहे ना ते बघायची, पेन्सिलने कोपऱ्यात बारीकशी टिक करायची आणि मगच पहिल्या पानावर यायची. मी म्हटलं, अगं मग वाचायचं काय उरलं? ती म्हणाली, "तो येतो हे कळलं. आता कसा येतो ते वाचते."

मला तेव्हा काही कळलं नव्हतं. वय लहान होतं असं म्हणू शकते, पण आज जो हसला त्याचं वय काही लहान नाही.

डिटेक्टिव्ह कथेत खुनी सापडणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं, तिथे कुणी विचारत नाही की मग वाचता कशाला. रोमान्समध्ये शेवटी दोघं एकत्र येणार हा लेखिकेने वाचणाऱ्याला दिलेला शब्द असतो, आणि तो पाळला म्हणून हसायचं? हार्लेक्विन या रोमान्स छापणाऱ्या प्रकाशनाने 'इंट्रीग' ही प्रेम आणि रहस्य एकत्र असलेली मालिका १९८४ मध्ये सुरू केली. एवढी वर्षं बायका हे वाचतायत, त्या सगळ्या बिनडोक आहेत का?

आणि या हिरोंचं आकर्षण दंडात असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकही पुस्तक धड वाचलेलं नसतं. सीलच्या ट्रेनिंगमध्ये हेल वीक असतो. साडेपाच दिवस, त्यात सगळी मिळून चारेक तास झोप, थंडगार समुद्र, अंगभर ओली वाळू. ग्राउंडवर एक पितळी घंटा असते, तीनदा वाजवली की सुटका, कुणी अडवत नाही. बहुतेक जण आठवडा संपायच्या आत सोडून जातात. चांगली लेखिका काय करते, तर ज्याने ती घंटा वाजवली नाही अशा माणसाला एका बाईसमोर बसवते आणि त्याच्याकडून 'मला भीती वाटते' एवढं एक वाक्य काढून घ्यायला तीनशे पानं लावते. मला त्यासाठी वाचायचं असतं. गोळीबाराची पानं मी भराभर उलटते.

अजून एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. अमेरिकन युनिटमधलं कुणी गेलं किंवा गंभीर जखमी झालं की घरच्यांना अधिकृत निरोप पोचेपर्यंत तळावरचे फोन आणि इंटरनेट बंद करतात. त्यांच्या बोलीत त्याला 'रिव्हर सिटी' म्हणतात. आणि कुणी गेल्याची बातमी युनिफॉर्ममधली माणसं स्वतः दारात येऊन सांगतात. म्हणजे तिकडे फोन गप्प झाला की प्रत्येक घरातली बाई एकच हिशोब करत बसते, माझा की दुसऱ्या कुणाचा, आणि दुसऱ्या कुणाचा असू दे असं मनात आलं की स्वतःचीच लाज वाटते. हे वाचलं तेव्हा ताईचे ते अकरा दिवस पुन्हा डोळ्यांसमोर आले. बेल वाजली की तिचा हात जिथे असेल तिथे थांबायचा.

बरं, कव्हर्स भयंकर असतात, मान्य. हिरोईन उठसूट किडनॅप होते, हेही मान्य. आणि 'तुझ्याच भल्यासाठी' म्हणून तिला न विचारता सगळं ठरवणारे हिरो मला अजिबात सहन होत नाहीत, तसलं पुस्तक मी अर्ध्यात सोडते.

पण खरा राग यायचाच असेल तर तो आळशी लेखकांचा यावा. सील नेव्हीतला असतो हे विसरून त्याला पुस्तकभर सोल्जर, म्हणजे आर्मीतला, म्हणतात. अठ्ठावीस वर्षांच्या पोराला नेव्हीत कॅप्टन करून टाकतात, आणि तो हुद्दा आर्मीतल्या कर्नलच्या बरोबरीचा! तेही एक वेळ चालेल. पण युद्धावरून आलेल्या माणसाची वाईट स्वप्नं एका रात्रीच्या प्रेमाने गायब? व्हिएतनामहून परतलेल्यांचे हाल बघून, बरीच भांडणं झाल्यावर, १९८० मध्ये पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनाला जडणारा आजार, हे नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या मॅन्युअलमध्ये आलं. आणि तुम्ही ते चौदाव्या चॅप्टरमध्ये मिठी मारून बरं करता?

जिजू परत आले तेव्हा कितीतरी महिने दरवाजा दिसेल अशाच खुर्चीत बसायचे. रात्री पॅसेजमधला दिवा चालू लागायचा. ताईच्या प्रेमाने ते बरे झाले नाहीत, डॉक्टरांकडे गेले, औषधं घेतली, मध्येच सोडली, पुन्हा गेले. ताई प्रत्येक वेळी बाहेरच्या बाकावर बसून असायची. ज्या पुस्तकात तो बाक असतो ते पुस्तक मी जपून ठेवते, आणि अशी पुस्तकं आहेत, शोधावी लागतात पण आहेत.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या कलीगला उद्या काही बोलणार नाही बहुतेक. त्याच्या घरी कधी कुणाच्या फोनची अशी वाट बघितली गेली नसेल, आणि तशी वेळ त्याच्यावर न येवो.

ताईने ती सगळी पुस्तकं नंतर मला देऊन टाकली. आत्ता उठून एक काढलं. बाराव्या दिवशी सकाळी जिजूंचा फोन आला तेव्हा ती जे वाचत होती ते. शेवटच्या पानावर पेन्सिलची टिक आहे. पान १४२ चा कोपरा दुमडलेला आहे. त्याच्या पुढचं तिने कधी वाचलंच नाही.