धरण भरलं, रानाचं काय?

कोल्हापूरकडच्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की ती बातमी इथं नेदरलँड्समध्ये तासाभरात पोचते, आणि पाठोपाठ गावाकडचा ठरलेला सवालही: धरण भरलंय, पंचगंगा दुथडी वाहतेय, मग उसाला पाणी मोजून द्या म्हणणारे तुम्ही कोण? मला याचा संताप येतो. यात फक्त पाण्याचा हिशेब आहे, आणि पाणी तर पुढच्या आषाढात पुन्हा येईल. शिरोळ, हातकणंगल्यातलं क्षारपड झालेलं काळं रान तसं परत येत नाही.

एकरभर उसाला हंगामात २०० सेंटिमीटर पाणी पाजलं तर ते ८० लाख लिटर होतं. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार धरले, तरी त्या एकरात जवळजवळ अडीच टन क्षार आले. ऊस पाणी पितो, क्षार बहुतेक मागेच राहतात. चिकण, सखल रानात जादा पाणी खाली झिरपत नाही. भूजल मीटरभरावर येतं आणि उन्हाळ्यात वर चढून मीठ पृष्ठभागावर सोडतं. बेणं उगवत नाही, फुटवे धरत नाहीत. मग खताचा डोस वाढतो. म्युरेट ऑफ पोटॅश हे क्लोराइडच, म्हणजे त्याच मिठात भर.

जिप्समचंही तसंच. चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट झालेल्या जमिनीत जिप्समातलं कॅल्शियम मातीच्या कणांवरचा सोडियम सोडवतं, पण सुटलेला सोडियम धुऊन जायला वाट हवी. निचरा नसताना पोती ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

१९५३च्या पुरात इथल्या किनाऱ्यावरच्या झीलंड प्रांतात शेतांत समुद्र शिरला, तेव्हा इथंही जिप्सम टाकलं गेलं. पण शेताखाली निचरा होता आणि हिवाळाभर वरून पाऊस. आजही वॉटरस्खापचं, म्हणजे पाण्याचा निचरा सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थेचं बिल आलं की इथले शेतकरी कुरकुरतात, पण भरतात. स्लोट, म्हणजे शेताकडेचा चर, तुंबलेला दिसला तर शरदातल्या पाहणीनंतर नोटीस येते. आपल्याकडं दोन सऱ्या वाढाव्यात म्हणून ओढा बुजवतात, आणि वरच्या शेतकऱ्याचं पाणी कुठं जाणार हे कुणी विचारत नाही.

यावर उत्तर येतं: तिकडं बसून शहाणपण शिकवू नका, तुमच्या गाईंचा सोया ब्राझीलच्या जमिनीवर पिकतो. हे खरं आहे, आणि बोचतंही. पण त्यानं शिरोळच्या एका गुंठ्याचं मीठ कमी होत नाही. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून मी बोलतो. चर मात्र तिथं राहणाऱ्यांनाच काढावे लागणार, आणि ही गोष्ट मला त्या सोयापेक्षा जास्त बोचते.

लागणीआधी पाच फूट खड्डा काढून दुसऱ्या दिवशी पाणी कुठवर आलं ते पाहा. ३०, ६०, ९० सेंटिमीटरपर्यंतचे मातीचे नमुने वेगवेगळे तपासून घ्या. विद्युत वाहकता (क्षारांचं माप) मीटरमागे ४ डेसिसायमनच्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त, सामू (पीएच) ८.५च्या वर गेला तर चोपण. दोन्हींचा उपचार वेगळा, पण निचरा दोन्हींना लागतो. फिल्टर कापड गुंडाळलेला ८० मिलिमीटरचा सच्छिद्र पाइप एक ते सव्वा मीटर खोल टाकतात, १०० मीटरला १० ते २० सेंटिमीटर उतार देऊन. उतार मध्येच उलटला की तिथं गाळ बसतो आणि वरची सगळी ओळ बंद पडते. पंचगंगेच्या पुरात पाइपाचं तोंड बुडतं, म्हणून तिथं झडप लागते, नाहीतर पुराचं पाणी पाइपातून उलटं रानात शिरतं. पहिल्या दोन पावसाळ्यांत रान धुऊन घ्यावं, धैंचा हे हिरवळीचं खत पेरून गाडावं. ठिबकनं पाणी वाचतं, पण क्षार ओल्या पट्ट्याच्या कडेला साचतात, तेही पावसानंच धुवावे लागतात.

एकट्याला हे जमत नाही. मुख्य पाइप खालच्या शेतकऱ्याच्या बांधातून ओढ्यापर्यंत न्यावा लागतो, आणि तिथंच काम अडतं. शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी गटानं ही कामं केली आहेत. बाकीच्या गावांत बांधाची परवानगी कोण मागणार, इथपर्यंतच चर्चा येऊन थांबते.