नासाग्रावरून दिसलेली मी

परवा मी श्वासात नापास झाले.

नापास होण्याचं मला तसं वावडं नाही. गणितात झाले आहे. गाडी शिकताना उलटी घेण्यात झाले आहे, तो खांब अजून वाकलेला आहे. पण जन्मल्यापासून एकही दिवस रजा न घेता जे एकच काम मी केलं, त्यात वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, सोळा माणसांच्या देखत, "ताई, आपण पुन्हा श्वासापासून सुरुवात करूया का?" असं मधाळ आवाजात ऐकायला मिळावं? आणि तेही एका 'टिक'पायी?

झालं असं, की यंदा मी वाढायचं ठरवलंय. वजन आपलं आपण वाढतंय, ते सोडून. कामावर बढती मिळाली (पगार तोच, कटकट दुप्पट), लेक शिकायला लांब गेली, आणि एका मैत्रिणीने सांगितलं की हा तुझा आतून वाढण्याचा काळ आहे, फक्त तोल सांभाळ. मग वही आणली, पहाटे उठायला लागले, आठ आठवड्यांच्या ध्यानवर्गात नाव घातलं. पाच आठवडे बरे गेले. सहाव्या आठवड्यात माझ्या उजव्या हाताची जागा रिकामी झाली आणि तिथे एक काका येऊन बसले.

'बसले' हे क्रियापद फार सोपं झालं. आधी त्यांनी चटई अंथरली. चटईवर दुसरी, जरा जाड चटई. तिच्यावर एक गोल उशी, गुडघ्यांखाली दोन चपट्या उशा, मांडीवर घडी घातलेली शाल. मग उठून गोल उशी अर्धा इंच मागे. परत बसून पाहणं. परत उठून पाव इंच पुढे. ध्यानाला बसायला त्यांना जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एखाद्याची समाधी लागून उतरली असती. मी माझ्या एकुलत्या एका चटईवर बसून हे सगळं बघत होते, आणि बघणंसुद्धा ध्यानातच धरावं अशी स्वतःची समजूत घालत होते.

सगळ्यात शेवटी त्यांनी खिशातून ते यंत्र काढलं आणि तर्जनीत घातलं. अंगठीसारखं बसणारं, जप मोजायला वापरतात ते. अंगठ्याने बटण दाबलं की आकडा एकाने पुढे सरकतो. आणि दाबताना आवाज येतो. टिक.

एरवी तो आवाज कुणाला ऐकूही येणार नाही. पण सोळा माणसं डोळे मिटून बसली आहेत, पंखासुद्धा एकावर आहे, शिक्षक "सावकाश... श्वास आत... काहीही न बदलता..." असं म्हणत म्हणत गप्प झाले आहेत, अशा शांततेत ती टिक थेट मणक्यात शिरते. मी दचकून डोळे उघडले. सगळे स्थिर. मिटले.

टिक.

पुन्हा उघडले. ते शेजारी पुतळ्यासारखे ताठ. चेहऱ्यावर ते एक हलकं स्मित, 'हळुवार स्मित ठेवूया' म्हटल्यावर सगळ्या वर्गाच्या तोंडावर येतं ते. मिटले.

टिक.

असं वीस मिनिटं चाललं. मला वाटलं, भिंतीत पाल आहे. मग वाटलं, घड्याळ आहे. मग वाटलं, माझ्याच मानेत काहीतरी निखळलंय. श्वास कुठल्या कुठे गेला. मी टिकचीच वाट बघत बसले.

घंटा वाजली आणि अनुभवकथनाची वेळ आली. आमच्या वर्गात तक्रार करायची नसते. 'तक्रार' हा शब्दच चालत नाही. त्याला 'निरीक्षण' म्हणायचं.

"माझं एक निरीक्षण आहे," ते म्हणाले. "या ताईंनी आज चौदा वेळा डोळे उघडले."

सोळा जोड्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते मात्र कुणी मोजले नाहीत.

"काका," मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"साक्षीभावाने."

"साक्षीभावाला डोळे उघडे ठेवावे लागतात का?"

"माझे उघडे नव्हते. अर्धोन्मीलित होते. नासाग्र दृष्टी. नाकाच्या शेंड्यावर नजर ठेवायची, फार जुनी पद्धत आहे."

"तुमच्या नाकाच्या शेंड्यावरून मी दिसते?"

त्यांनी क्षणभर विचार केला. हा विचार त्यांनी प्रामाणिकपणे केला, हे मला मान्य करावं लागेल. "तुम्ही डावीकडे बसता," ते म्हणाले, "आणि माझं नाक जरा डावीकडे आहे."

आहे. मी पाहिलं. खरोखरच आहे. या माणसाशी भांडायचं तरी कसं?

"आणि काका म्हणू नका," ते म्हणाले. "इथे आल्यावर नाती गळून पडतात."

"मग तुम्ही मला ताई कसं म्हणता?"

"ते नातं नाही. आदर आहे."

"आणि तुम्ही ते मोजत होतात? त्या यंत्रावर?"

"हो. खरं तर मी माझं मन मोजतो. मन भटकलं की एक टिक. आज पहिली टिक माझीच होती, छताच्या डागाकडे लक्ष गेलं होतं. त्या टिकनंतर तुम्ही डोळे उघडलेत, तिकडे माझं मन गेलं, म्हणून दुसरी. मग तुम्ही पुन्हा उघडलेत." त्यांनी यंत्र माझ्यासमोर धरलं. काळ्या आकड्यांत १५. "पंधरा वजा माझी एक. चौदा तुमचे."

म्हणजे मी डोळे उघडत होते त्यांच्या टिकमुळे आणि ते टिक करत होते माझ्या डोळ्यांमुळे. घंटा वाजली नसती तर आम्ही दोघं आजही तिथेच असतो. मी हे शिक्षकांना समजावून सांगायला लागले. हातवारे करून सांगितलं. आवाज थोडा चढला असेल. त्या शांत खोलीत तो जास्तच चढल्यासारखा वाटला असेल. आणि शिक्षक, वय वर्षं अठ्ठावीस, माझ्याकडे इतक्या करुणेने पाहायला लागले की मला माझं तापमान तपासावंसं वाटलं.

"ताई, आवाज येणारच," ते म्हणाले. "आवाज चांगला नसतो, वाईट नसतो. आपण त्याला काय प्रतिसाद देतो, ते बघायचं. ते बघा, तुम्ही आत्ताही रागावलेल्या आहात."

आहेच मी रागावलेली! त्यासाठी साक्षीभाव कशाला हवा, साधं बघितलं तरी दिसतंय. त्यानंतर ते पुन्हा श्वासापासूनचं वाक्य आलं. पहिल्या आठवड्याचा गृहपाठ पुन्हा, रोज दहा मिनिटं. काकांना काहीही गृहपाठ नाही. त्यांच्या सजगतेचं कौतुक झालं.

उठायला गेले तर डावा पाय जागेवर नाही. म्हणजे होता, पण माझा वाटत नव्हता. लोक म्हणतात रक्त थांबतं म्हणून मुंग्या येतात. खरा दोष बहुतेक वेळा नसेवर पडलेल्या दाबाचा असतो. मांडी घालून बसलं की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दबते, मग पायाचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. हे ज्ञान त्या क्षणी काही कामाचं नव्हतं. मी एका पायावर उभी राहिले, डोलले, आणि शेजारच्या बाईंच्या खांद्यावर गेले.

मागून आवाज आला. टिक.

त्या रात्री अंथरुणात पडल्यावर सगळी उत्तरं सुचली. माझी उत्तरं नेहमी साडेअकरानंतर येतात. पहिलं उत्तर: २०१० साली हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २,२५० माणसांना दिवसभरात कधीही फोनवर गाठून विचारलं होतं, आत्ता तुमचं मन हातातल्या कामावर आहे का? जवळजवळ ४७ टक्के वेळा नव्हतं. म्हणजे माणसाचं मन निम्मा वेळ बाहेरगावीच असतं. एकट्या माझ्याच नावावर चौदा का?

दुसरं उत्तर जास्त चांगलं होतं. आपण अगदी निश्चल उभे आहोत असं वाटतं तेव्हाही शरीर सतत पुढे-मागे हलत असतं. घोट्याजवळचे स्नायू आपल्याला न विचारता क्षणाक्षणाला दुरुस्ती करत असतात. आतल्या कानात चुनखडीचे बारीक कण असतात, ते मान कलली की सरकतात आणि मेंदूला कळवतात. म्हणजे तोल म्हणजे एकसारखं पडत राहणं आणि एकसारखं सावरणं. हे मी त्यांच्या तोंडावर फेकणार होते. पण अंधारात माझ्या शेजारी फक्त नवरा होता. तो म्हणाला, "तू ध्यानाला गेल्यापासून रात्री फार बोलतेस."

योगसूत्रांत चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय सांगितले आहेत. मी ती यादी दुसऱ्या दिवशी काढून वाचली. व्याधी, संशय, आळस वगैरे ओळखीचे आहेत. शेवटचे दोन माझ्यासाठीच लिहिल्यासारखे: अलब्धभूमिकत्व, म्हणजे पाय टेकायला भूमीच न मिळणं, आणि अनवस्थितत्व, म्हणजे मिळाली तरी तिथे न टिकणं. अडीच आठवड्यांपूर्वी मला दोन मिनिटं अगदी छान वाटलं होतं, ते या दुसऱ्यात बसतं. पण नऊच्या नऊ पाहिले, 'शेजारी' कुठेच नाही. सूत्रकार बहुधा एकटे बसत असावेत.

आता जरा खरं बोलते. त्या टिकवर मी इतकी चिडले कारण ती मी आधीच ऐकली होती, दुसरीकडे. दोन महिन्यांपूर्वी साहेबांना सांगितलं होतं की दोन माणसांचं काम एकटीकडे आहे, एक माणूस द्या. ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "मीही हल्ली ध्यान करतो. तुम्ही जरा ग्राउंडेड राहा." मी ग्राउंडेड राहून रात्री नऊपर्यंत ते काम करते. घरी म्हटलं की आज फार थकले, तर, "पण तू तर हल्ली ध्यान करतेस ना?" जणू मी विमा उतरवलाय आणि आता कुरकूर करायचा हक्क गेला. तक्रार कामाची असते, उत्तर माझ्या मनाबद्दल मिळतं. दार वाजतंय म्हटलं की दार कुणी बघत नाही, सगळे माझे कान तपासतात.

जॉन वेलवूड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली याच्या जवळच्या एका प्रकाराला नाव दिलं होतं: अध्यात्माची आडवाट धरून खऱ्या दुखण्याला वळसा घालणं. तो स्वतः ध्यान करणारा माणूस, म्हणून मला त्याचं जास्त पटतं. आणि मी ज्या आठ आठवड्यांच्या वर्गाला जाते तसले वर्ग मुळात १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी सुरू केले, जुनाट दुखणी सहन करणाऱ्या रुग्णांसाठी. दुखत नाही असं समजा, हे तिथे कुणी शिकवत नव्हतं. दुखतंय तिथेच लक्ष न्या, असं शिकवत होते. मी लक्ष नेलं. तिथे एक माणूस बटण दाबत बसला होता.

वळसा तर मीही घालतेच म्हणा. साहेबांसमोर हातवारे करून बोलायचं धाडस मला झालं नाही. ते सगळे हातवारे त्या बिचाऱ्या नाकाच्या धन्यासमोर झाले. वहीत हे लिहायला घेतलं होतं, पण त्या पानावर 'आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे' असं छापलंय आणि खाली तीनच ओळी आहेत.

गृहपाठ करतेय. रोज दहा मिनिटं, श्वास आत, श्वास बाहेर. काल सातव्या मिनिटाला नळ ठिबकायला लागला. मी डोळे उघडले नाहीत. मोजले मात्र. एकेचाळीस.

येत्या शनिवारी सातवा आठवडा. मी वीस मिनिटं आधी जाणार आहे आणि त्यांच्या त्या दोन चटया पडतात ना, त्यांच्या उजव्या बाजूची जागा धरणार आहे.