अक्कल कुणाची काढायची?

आमच्या शाळेच्या ग्रुपवर गेला आठवडाभर एकच विषय. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका निवृत्त काकांना ‘डिजिटल अरेस्ट’वाल्यांनी, म्हणजे सीबीआयचं सोंग घेणाऱ्या भामट्यांनी, दोन दिवस व्हिडिओ कॉलवर डांबून ठेवलं आणि एफडी मोडायला लावली. ग्रुपचा निकाल तयार: “शिकलेसवरलेले लोक अक्कल गहाण टाकतात, दुसरं काय!” मग ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मला प्रश्न, “तिकडे असं नसेल ना गं?”

असतं की. मार्क्स अँड स्पेन्सर या इथल्या मोठ्या दुकानसाखळीला २०२५च्या एप्रिलमध्ये भामट्यांनी असंच सोंग घेऊन गंडवलं. ऑनलाइन ऑर्डरी सहा आठवडे बंद, फटका अंदाजे तीस कोटी पौंडांचा. अरुप या ब्रिटिश इंजिनिअरिंग कंपनीच्या हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ मीटिंगमध्ये साहेबांना पाहिलं आणि वीस कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. साहेब एआयने बनवलेले होते. यांची अक्कल काढली का ग्रुपवर कुणी?

काका बँकेत गेले तेव्हा शर्टाच्या खिशात मोबाइल चालूच होता, पलीकडून ‘सीबीआय अधिकारी’ ऐकत होता. काउंटरवर पॅन पाहिलं, सही जुळवली, आरटीजीएसच्या फॉर्मवर शिक्का मारला. घरपट्टी आणि लाइटबिलापलीकडे ज्याचं खातं कधी हललं नाही, तो माणूस अनोळखी खात्यात एफडी रिकामी करतोय, हे कुणालाच खटकलं नाही. ग्रुपलाही नाही.

ऑक्टोबर २०२४मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सांगितलं, ‘रुको, सोचो और ॲक्शन लो’. चांगलंच सांगितलं. त्याच महिन्याच्या ७ तारखेपासून इथे मात्र बँकांच्या खिशात हात घातला गेला. फसवून पाठवायला लावलेले पैसे ८५ हजार पौंडांपर्यंत बँकेने भरून द्यायचे. निम्मा भार पाठवणाऱ्या बँकेवर, निम्मा भामट्याचं खातं जिथे निघालं तिच्यावर. खिशाला चाट बसली की बँकांनाही नीट दिसायला लागतं. (परदेशात गेलेल्या पैशांना हा नियम लागू नाही, हे मी ग्रुपवर सांगितलं नाही.) आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०१७मध्ये नियम केला, पण तो ग्राहकाच्या नकळत गेलेल्या पैशांसाठी. स्वतः सही केलीत, की बँकेचे हात वर. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन लावला तर पैसे अडतात, पण भाड्याच्या खात्यांतून ते पुढे सरकायच्या आत.

“तिथे बसून ज्ञान पाजळू नकोस,” एकाने सुनावलं. “आधी तुमच्याकडे यूपीआय आणा.” बरोबर आहे त्याचं. रविवार कारंजावर भाजीवालीला दहा रुपये स्कॅन करून देताना मलाच अप्रूप वाटतं. पण इथे कौन्सिलच्या कार पार्कमध्ये मशिनवर खोटे क्यूआर चिकटवून लोकांना लुबाडतात. २०२७ला सिंहस्थात रामकुंडावर गर्दी लोटेल तेव्हा कुठला स्टिकर खरा, कुठली तंबूच्या बुकिंगची साइट खरी, हे परगावच्या यात्रेकरूने ओळखायचं? त्याचीही अक्कलच काढणार का आपण?

एवढं तावातावाने लिहिते, आणि सावधगिरीच्या ज्या सूचना फिरतात त्यांत मीच बसते: परदेशी नंबर, पैशांची चौकशी, ‘लगेच कर’ची घाई. व्हॉट्सअ‍ॅप लागलं नाही म्हणून साधा फोन केला तर आई उचलत नाही. मीच शिकवलंय तिला. आता आवाजही हुबेहूब बनवतात म्हटल्यावर बाबांनी खात्रीचा प्रश्न ठरवायचं मनावर घेतलं. आजीचं माहेर, माझा दहावीचा बाक, असलं काही विचारतील असं वाटलं होतं. परवा विचारलं, “आपल्याकडे पाणी किती वाजता येतं?”

“सहाला,” मी ठासून सांगितलं.

फोन कट. दहा मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बाबांचाच फोन आला. मागून आई म्हणत होती, “अहो, तीच होती ती.”

“असेल,” बाबा म्हणाले, “पण पाणी दोन वर्षं झाली, साडेसातला येतंय.”