आधी टीसी द्या, मग ॲडमिशन. आधी ॲडमिशन दाखवा, मग टीसी

बारावीनंतर ॲडमिशन कशी घ्यायची हे सांगायला आपल्याकडे अख्खी कॉलनी तयार असते, शेजारचे काका, क्लासचे सर, ज्यांच्या मुलाने तीन वर्षांचा डिप्लोमा पाच वर्षांत केला त्या काकूसुद्धा. पण घेतलेली ॲडमिशन सोडून मधेच दुसऱ्या विद्यापीठात कसं जायचं हे कुणाला विचारा, एकदम शांतता. मग हळूच प्रश्न येतो, "का गं, राहिले का विषय?"

नव्हते राहिले. एफवायबीएस्सी झाली होती, केमिस्ट्री मेजर, सीजीपीए आठच्या वर. झालं एवढंच की बाबांना प्रमोशन लागलं आणि प्रमोशनच्या पाठोपाठ बदली आली. बाबा बँकेत आहेत. आईने जाहीर केलं की पोरीला हॉस्टेलला टाकून मी कुठेही येणार नाही, मेसचं खाऊन हिचं पित्त उसळतं, जायचं तर सगळ्यांनी. नवीन गाव एस्टीने चार तासांवर, पण मधे जिल्हा बदलतो आणि आपल्याकडे जिल्हा बदलला की बऱ्याचदा विद्यापीठ पण बदलतं. सोलापूरला तर 2004 साली एका जिल्ह्यासाठी एक विद्यापीठ झालंय. त्यामुळे आमचं सामान टेम्पोतून एका दिवसात पोचलं आणि मी मात्र कागदोपत्री रस्त्यातच.

बाबा निवांत होते. त्यांनी कुठेतरी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सबद्दल वाचलं होतं. 2021 पासून आहे ही भानगड, प्रत्येक विद्यार्थ्याला बारा आकडी आयडी, पास झालेल्या विषयांचे क्रेडिट त्यात जमा होतात, आणि जास्तीत जास्त सात वर्षं चालतात. (सात वर्षं! आमच्या आजीचं लोणचं पण एवढं टिकत नाही.) "म्हणजे बघ," बाबा म्हणाले, "वर्षाचे 44 क्रेडिट तुझ्या खात्यात पडलेत. या विद्यापीठातून त्या विद्यापीठात ट्रान्सफर मारायचे, संपला विषय. एनईएफटी." बँक हा शब्द ऐकला की बाबांना सगळं आपल्याच अखत्यारीतलं वाटतं.

खातं उघडून बघितलं तर बॅलन्स शून्य. आयडी होता, माझा फोटो होता, क्रेडिट नव्हते. कॉलेजला फोन केला तर म्हणाले डेटा विद्यापीठ अपलोड करतं, विद्यापीठ म्हणालं कॉलेजकडून यायचाय. बाबा म्हणाले, "क्लिअरिंगमध्ये अडकलं असेल."

मग नवीन कॉलेजला गेलो. ऑफिसातल्या मॅडम चांगल्या होत्या हो, बसा म्हणाल्या, मार्कशीट बघून "छान मार्क आहेत" पण म्हणाल्या. एसवायला सीट रिकामी आहे, फक्त टीसी आणा, मायग्रेशन (म्हणजे जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला) आणा, लगेच ॲडमिशन करते. आम्ही खूश होऊन जुन्या कॉलेजात. तिथले क्लार्क, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, ते म्हणाले, "टीसी देतो की. पण नवीन कॉलेजची ॲडमिशन झाल्याचं पत्र दाखवा. उद्या तिथं नाही मिळाली तर पोरगी ना इकडची ना तिकडची, आणि पालक आमच्यावर ओरडणार." बरोबरच होतं त्यांचं. नवीन मॅडमना फोन लावला तर त्या म्हणाल्या टीसीशिवाय मी ॲडमिशन दाखवणार कशी, उद्या ही मुलगी दोन्हीकडे दिसली तर? त्यांचं पण बरोबरच होतं. हा सगळा उद्योग संपेपर्यंत मला एकही माणूस असा भेटला नाही जो चुकीचं बोलत होता, आणि काम मात्र होत नव्हतं.

हा तिढा सोडवला कुणी, तर जुन्या कॉलेजच्या शिपाई मामांनी. प्राचार्यांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसून ते आमचं येणंजाणं बघत होते. एकदा बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, तिकडनं प्रोव्हिजनल ॲडमिशनचं पत्र आणा. त्याच्यावर हे टीसी देतात. टीसीवर विद्यापीठ मायग्रेशन देतं. मायग्रेशनवर तिकडची एलिजिबिलिटी, म्हणजे पात्रता मंजूर होते. दरवर्षी दोनचार जण असेच फिरत असतात." बाबा म्हणाले, हे आधी का नाही सांगितलंत? मामा म्हणाले, "तुम्ही आत विचारत होता ना."

प्रोव्हिजनल पत्र मिळालं. आता टीसीच्या आधी नो ड्यूज. नो ड्यूज म्हणजे एक छापील कागद, त्यावर लायब्ररी, लॅब, जिमखाना, एनएसएस, अकाउंट असे रकाने, प्रत्येकाने सही करून सांगायचं की ही मुलगी आमचं काही घेऊन पळालेली नाही. मी जिमखान्यात आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं, पण जिमखान्याची सही लागतेच, आणि स्पोर्ट्सचे सर टीम घेऊन बाहेरगावी. ते कधी येतील ते त्यांची टीम कधी हरेल त्यावर. त्या वर्षी नेमकी टीम चांगली खेळली. आमच्या कॉलेजची पोरं सेमीफायनलला गेल्याचं ऐकून डोळ्यात पाणी आलेली मी एकटीच असेन.

लॅबमध्ये ब्रेकेज बघितलं, एक ब्युरेट माझ्या नावावर निघाली. ती फुटली खरी, पण माझ्या पार्टनरच्या हातून. ती आता एसवायला त्याच लॅबमध्ये मजेत टायट्रेशन करतेय, तिच्याशी भांडून उपयोग नव्हता, डिपॉझिटमधून वळते करून घ्या म्हटलं. लायब्ररीत त्याहून भारी. मी परत केलेलं ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं पुस्तक सिस्टिममध्ये अजून माझ्याकडेच होतं. मी म्हटलं ते बघा, मागच्या रॅकवर दिसतंय, लाल कव्हरचं. लायब्ररियन सरांनी मान वळवून बघितलं, हो म्हणाले, आहे खरं, पण सिस्टिम नाही म्हणतेय. शेवटी त्यांनी ते पुस्तक रॅकवरून काढून माझ्या हातात दिलं, मी ते काउंटरवर ठेवलं, त्यांनी ते जमा करून घेतलं. दोघांपैकी कुणीच हसलो नाही.

टीसी मिळाली आणि मग आमचा मोर्चा विद्यापीठाकडे, मायग्रेशनला. अर्ज ऑनलाइन, फी ऑनलाइन, आणि त्या सगळ्याची प्रिंट काढून खिडकीवर. बाबांनी रजा टाकली. रांगेत आमच्या पुढे बरेच जण होते. आमचा नंबर आला आणि आतल्या माणसाने शांतपणे "भोजनाची वेळ" अशी पाटी काचेला टेकवली.

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी काउंटरच्या त्या बाजूला बसून वर्षानुवर्षं हेच केलंय. पण या बाजूने ती पाटी त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच वाचली. "माणूस आहे, जेवणारच," ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. मागच्या काकांनी गप्पा सुरू केल्या, कुठले, काय करता वगैरे. बाबा म्हणाले, बँकेत. कुठल्या? बाबांनी नाव सांगितलं. काका मोठ्याने म्हणाले, "अच्छा! म्हणजे लिंक नाही, उद्या या, ती बँक!" अख्ख्या रांगेला कंठ फुटला. एकाचं केवायसी पुन्हा पुन्हा घेतलं होतं. एकीच्या सासूबाईंचं पेन्शन हयातीच्या दाखल्यावरून थांबलं होतं, आणि सासूबाई स्वतः समोर उभ्या होत्या. एका मुलाचं पासबुक प्रिंटिंगचं मशीन, म्हणजे बँकेचं, गेल्या गणपतीपासून बंद होतं. भोजनाची वेळ संपेपर्यंत बाबांनी सगळ्यांच्या तक्रारी ऐकून घेतल्या, दोघांना तर आपला नंबरही दिला. मी त्यांना घरी इतकं नम्र कधी बघितलेलं नाही.

खिडकी उघडली. आतल्या माणसाने आमचे कागद चाळले आणि वर न बघता परत सरकवले. "मार्कशीटवर आडनाव आधी आहे. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. दोन्ही एकच व्यक्ती आहे कशावरून?"

इथे कुणीही भांडलं असतं. बाबा गप्प. कारण याच मुद्द्यावर त्यांनी स्वतः किती लोकांना परत पाठवलंय ते त्यांचं त्यांनाच माहीत. बाहेर आल्यावर तर चक्क कौतुक. "बघितलंस? एकदा पण मान वर केली नाही. कागदावर बोट कुठे ठेवायचं ते बरोबर माहीत होतं. आमच्याकडच्या नवीन पोरांना हे जमत नाही, ती कस्टमरच्या तोंडाकडे बघतात आणि मग काम करून टाकतात."

प्रतिज्ञापत्र करायला कोर्टाबाहेर गेलो. तिथे झाडाखाली टेबल टाकून टायपिंगवाले बसतात, पूर्वी टाइपरायटर असायचा, आता लॅपटॉप आणि प्रिंटर, प्रिंटरला करंट समोरच्या चहावाल्याकडून. बाबांनी शंभरचा स्टॅम्प मागितला तर वेंडर म्हणाला, कुठल्या जमान्यात आहात, शंभरचा ऑक्टोबर 2024 मध्येच पाचशेचा झाला. दिले पाचशे. मजकूर असा की वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे, आणि हे माझ्या माहितीप्रमाणे खरे आहे. खाली सही केली. सही करताना एक क्षण वाटलं की हे आपण नक्की कशाच्या भरवशावर सांगतोय.

या सगळ्या काळात मी एक फालतू गोष्ट शोधून काढली आणि तिने मला फार त्रास दिला. मुंबई विद्यापीठ 1857 चं. तेव्हा मुंबई इलाख्यातली कॉलेजं सगळी त्यालाच जोडलेली असायची, पुण्याची पण आणि कराचीचं डी. जे. सिंध कॉलेज पण, जे 1887 ला निघालं. म्हणजे 1890 साली एखादी मुलगी (बरं, मुलगा, तेव्हा मुली कुठे फार होत्या) कराचीच्या कॉलेजातून पुण्याच्या कॉलेजात आला असता तर बोटीने, रेल्वेने, धक्के खात आला असता, पण विद्यापीठ तेच. मायग्रेशन नाही की काही नाही. आणि मी चार तास एस्टीत बसले तर मला कोर्टात जाऊन सांगावं लागलं की मी मीच आहे. हे मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "इंग्रजांचं रेकॉर्ड कीपिंग चांगलं होतं."

मायग्रेशन आलं एकदाचं. मग नवीन विद्यापीठाची एलिजिबिलिटी, आणि तिथे खरी मजा, कारण आमची बॅच नवीन शैक्षणिक धोरणवाली. पूर्वी बरं होतं म्हणे, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स, जुळले तर जुळले. आता मेजर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी असे विषयांचे गट, आणि हे सगळं प्रत्येक विद्यापीठाने आपापल्या बास्केटमध्ये आपापल्या पद्धतीने भरलेलं. मॅडमनी दोन्हीकडचे सिलॅबस शेजारी ठेवले आणि पेन्सिलने टिका करायला लागल्या. केमिस्ट्री जुळली. इंग्लिश जुळलं. पर्यावरण जुळलं. ओपन इलेक्टिव्हला मी बँकिंगची तोंडओळख घेतली होती, बाबांच्या आग्रहाखातर, दुसऱ्या शाखेचा विषय घ्यावाच लागतो म्हणून. मॅडम म्हणाल्या, "बँकिंग आमच्या बास्केटमध्ये नाही."

बाबांना लागलं ते. आत्तापर्यंत सगळं सहन केलं होतं त्या माणसाने. "बँकिंग नाही म्हणजे? मग काय आहे?" मॅडमनी यादी वाचली, त्यात मशरूम लागवड होती, फोटोग्राफी होती, योग होता. बाबा बराच वेळ त्या यादीकडे बघत होते. शेवटी समितीपुढे अर्ज टाकला, समितीने मोठ्या मनाने बँकिंग मान्य केलं. अडलं ते आयकेएसवर, म्हणजे भारतीय ज्ञान प्रणालीवर. विषयाचं नाव दोन्हीकडे तेच, क्रेडिट दोन्हीकडे दोन, पहिलं युनिट पण बरंचसं तेच. पण कोड जुळेना आणि तो पोर्टलला चालेना. तेवढा पेपर एफवायच्या मुलांबरोबर परत द्या म्हणाले.

म्हणून मी सध्या एसवायची आहे आणि शनिवारी सकाळी एफवायच्या वर्गात मागच्या बाकावर बसते. शून्याचा शोध माझा दुसऱ्यांदा लागतोय. पोरं मला ताई म्हणतात आणि आदराने वागतात, जसं आपण ज्या माणसाचं काहीतरी फार वाईट झालंय त्याच्याशी वागतो. एकाने धीर करून विचारलं, "ताई, कितवा अटेम्प्ट?" मी समजवायला गेले, टीसी, मायग्रेशन, कोड, समिती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "टेन्शन नका घेऊ ताई, या वेळी नक्की निघेल."

परवा रविवारी घरी जेवायला बसलो होतो आणि जुन्या कॉलेजातून फोन आला. थर्ड सेमचा परीक्षा फॉर्म भरला नाही म्हणाले, लेट फी लागेल. मी म्हटलं अहो, मी टीसी घेऊन गेले, तुम्हीच दिलीत. ते म्हणाले असेल, पण सिस्टिममध्ये तुम्ही अजून इथेच दिसताय, एकदा येऊन अर्ज द्यावा लागेल. मी फोन बाबांकडे दिला. बाबांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "आत्ता लंच टाइम आहे. तीननंतर करा."