डोंगर बोडका नाही, गवताचा आहे

पहिले दोन पाऊस पडले की सासवड-पुरंदरकडच्या डोंगरांवर खड्डे खणायला सुरुवात होते. टेम्पोतून रोपं येतात, बॅनर लागतो, फोटो निघतात. येणाऱ्यांची तळमळ खरी असते. पण ज्याला आपण बोडका डोंगर म्हणतो, तो बोडका नाही हो! तिथे गवत आहे: डोंगरी आहे, पवन्या आहे, खाली खोल मातीत मारवेल आहे.

ही गवतं एका पावसाळ्याची नव्हेत. उन्हाळ्यात पातं वाळतं, मुळाशी असलेला ठोंब मात्र जिवंत राहतो आणि वर्षानुवर्षं त्याच जागी फुटतो. वीतभर मुरमाड मातीत मोठं झाड तग धरत नाही, तिथे याच मुळांनी माती धरून ठेवलेली असते. गवताळ रानातला बहुतेक कार्बन जमिनीखाली असतो, त्यामुळे वणवा लागला तरी तो वाचतो. लांडगा, चिंकारा, खोकड आणि धाविक, चंडोल हे पक्षी, या सगळ्यांना असंच मोकळं रान लागतं. तिथे दाट झाडी केली की त्यांनी जायचं कुठे?

सरकारी कागदावर मात्र हे सगळं ‘पडीक’. ज्या जमिनीतून महसूल नाही ती वाया गेलेली, ही इंग्रजी अमलातली नजर आपण अजून सोडलेली नाही. 2017 ते 2019 मध्ये राज्यात 50 कोटी झाडांचा संकल्प झाला. माळांवर, डोंगरउतारांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे झाडही भरपूर लागलं. ते मूळचं मध्य अमेरिकेतलं. जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून जगतं. मेंढपाळाला त्याचा काय उपयोग?

गवताला खरा धोका बेसुमार चराईचा. बी धरायच्या आत पवन्या, डोंगरी खाल्ली गेली की ती मागे हटते आणि कुसळी हे टोचरं गवत माजतं. त्याची कुसळं मेंढरांच्या लोकरीत, कातडीत रुततात. उपाय गावांना ठाऊक आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने चराईबंदी केली, गवत विळ्याने कापून न्यायचं ठरवलं. तिथे झाडंही लावली, चरही खोदले, हे खरं; पण जनावरं आवरल्याशिवाय डोंगरावर चारा उभा राहिला नसता.

झाडं जरूर लावा. ओढ्याकाठी करंज, उंबर लावा, गावठाणात वड-पिंपळ लावा. डोंगरावरच काही करायचं असेल तर जिथे माती उघडी पडलीय तिथे पावसाच्या तोंडावर मारवेलचे ठोंब फोडून लावा आणि बी पडेपर्यंत त्या तुकड्यात गुरं जाऊ देऊ नका.