उत्तर 'पापड' आलं तर 'पापड' बरोबर

पालकांच्या ग्रुपवर सध्या कोड्यांच्या पीडीएफ फिरतायत. वर ठळक अक्षरांत 'वय वर्षे ३ ते ६, बुद्धी तल्लख करण्यासाठी', आणि उघडली की पहिल्याच पानावर 'सुपभर लाह्या, त्यात एक रुपया'. मी भांडुपला बालवाडीत शिकवते, बरीच वर्षं झाली, म्हणून मध्ये तोंड घालते. कोडं सुंदरच आहे. पण चार वर्षांच्या मुंबईकर पोरासमोर ते टाकून 'ओळख, ओळख, सोप्पंय' म्हणत बसणं म्हणजे त्याला उगाच छळणं आहे.

बघा ना, सूप त्याने पाहिलेलंच नाही. तांदूळ निवडूनच पाकिटात येतो. लाह्या नागपंचमीला दिसल्या तर दिसल्या. रुपया म्हणावा तर आई-बाबा भाजीवाल्याकडेही फोनच दाखवतात. राहिलं उत्तर, म्हणजे चांदण्यांचं आकाश आणि त्यातला चंद्र. आमच्याकडे रात्री इतका उजेड असतो की दोन-चार चांदण्या सापडल्या तरी मुलं ओरडतात. तीन अनोळखी गोष्टी जोडून त्याने चौथी ओळखायची! एका मुलीने छातीठोकपणे 'पॉपकॉर्न' सांगितलं. लाह्यांपर्यंत ती स्वतःच्या अकलेने पोचली होती, मी टाळ्या वाजवल्या. तिच्या आईचा चेहरा मात्र पडला.

'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे' हे असंच. जीभ आणि दात, कळलं. पण या वयाच्या पोराच्या तोंडात दुधाचे दात असतात आणि ते भरतात वीस! खरोखर मोजायला बसलं तर कोडंच खोटं ठरेल.

जुनी कोडी टाकून द्या असं मी म्हणत नाहीये. फक्त या वयाला ती उलटी सांगावीत, आधी उत्तर आणि मग कोडं. पावसाळ्यात नाक्यावर कणसं आली की मी सालासकट आणते. मुलं गोल करून बसतात. बाहेरची जाड, खरखरीत पानं ओढायची, मग आतली फिकट पोपटी, मऊ पानं, आणि मग ते केस. टोकाला तपकिरी, आत पिवळट, जरा ओलसर, बोटांना चिकटणारे. एक तरी कार्टं ते ओठांवर लावून मिशा करतंच. तेवढ्यात म्हणायचं, 'पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब!' वर्ग फुटतो हसून. दुसऱ्या दिवशी तेच कोडं मलाच घालतात, उत्तर सगळ्यांना माहीत असताना. त्यांना त्यात काही खटकत नाही. तेच तेच पुन्हा मिळणं हीच तर या वयाची चैन.

'काळा घोडा, पांढरी स्वारी, एक उतरला की दुसऱ्याची पाळी' हे तव्याजवळ उभं राहून, पोळी उलटता उलटता सांगा, झकास जमतं. (आमच्या एका हुशार पोराने फोर्टातला काळा घोडा पाहिला होता. त्याने सांगितलं, 'टीचर, त्याच्यावर कोणीच बसत नाही.' बरोबरच आहे त्याचं. त्यावर बसलेल्या इंग्रज राजाचा जुना पुतळा १९६५ मध्ये हलवला आणि २०१७ मध्ये बसवलेल्या नव्या घोड्यावर स्वारच नाही.)

मुद्दा असा की या वयाच्या कोड्याचं उत्तर मुलाच्या हाताशी असायला हवं. यात माझं डोकं काही नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यात बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं, अनुताई वाघ बरोबर होत्याच. आदिवासी वाड्यांवर त्यांनी महागडी साधनं नेली नाहीत. मुलांच्या भोवती जे पडलंय, दगड, बिया, पानं, शिंपले, त्यावरच बालवाडी उभी केली. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वयाला खेळातूनच शिकवा असं म्हटलंय. म्हणून काय, दुकानात 'खेळातून शिक्षण' लिहिलेले खोके वाढले.

खोका लागत नाही हो. तीन वर्षांच्या मुलाला शब्दांचं कोडंही लागत नाही. कापडी पिशवीत एक लिंबू, कंगवा, लसणाचा गड्डा आणि चमचा टाका. हात आत घालून, न बघता सांगायचं. नाहीतर आवाज ओळखायला लावा: कुकरची शिट्टी, पाववाल्याच्या सायकलचा भोंगा, खालून जाणारा भंगारवाला. सकाळी सातला आमच्या गल्लीत एवढी कोडी फुकट ऐकू येतात.

चौथ्या वर्षाच्या आसपास दोन-तीन खुणा पेलतात. पण सावकाश, एकेका खुणेला एकेक बोट उघडत. मुलं एकच खूण पकडून धावतात. 'लाल आहे, गोल आहे, आई आमटीत घालते' म्हणेपर्यंत 'गोल'वरच 'बॉल!' येतो. रागवू नका. बोट दाखवा आणि विचारा, 'आमटीत बॉल?' इतकं हसतात की टोमॅटो विसरतात. रंगापेक्षा ती वस्तू काय कामाची, ही खूण मुलांना लवकर लागते. आणि 'पाय आहेत पण चालत नाही' असली 'पण'वाली कोडी थोडी थांबवा. 'नाही' त्यांच्या कानातून गळून जातं, 'पाय' तेवढे राहतात. कोडं जमलं तरी उत्तर 'खुर्ची'च येईल असं समजू नका. मला 'मासेवालीची मांजर' असं मिळालंय. ती मी रोज बघते, खरंच हलत नाही.

आता पापडाचं. मी विचारलं, 'मी गोल आहे, आई मला लाटते, सांगा मी कोण?' मला पोळी हवी होती. मागून एकजण म्हणाला, 'पापड.' त्याच्या घरी पापड लाटण्याचं काम चालतं, त्याला दुसरं काय सुचणार? म्हटलं, बरोबर, पण मी आणखी एक सांगते, मी फुगते. आता पुढची मुलगी ओरडली, 'पुरी!' तेही बरोबर. मग म्हटलं, मी तुमच्या डब्यात भाजीबरोबर येते. तेव्हा कुठे पोळी आली, तीही दोघातिघांकडून, बाकीचे अजून पुरीवर ठाम होते. एकाच्या डब्यात त्या दिवशी होतीच पुरी.

चुकलं कोण? माझं कोडं अर्धं होतं, मुलांची उत्तरं पूर्ण होती. जे उत्तर सगळ्या खुणांना लागू पडतं ते बरोबर, पीडीएफच्या शेवटच्या पानावर उलटं छापलेलं असो की नसो. 'नाही, चूक, परत सांग' तीनदा ऐकलं की मूल कोड्याकडे बघायचं सोडतं आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज मारायला लागतं. शाळेत हे पुढे व्हायचंच आहे. बालवाडीत तरी नको. पाहुण्यांसमोर 'काकूंना ते कोडं सांग ना' तर अजिबात नको. आणि उत्तर हिंदीत आलं, इंग्रजीत आलं तरी घ्या. मुंबईत राहतो आपण.

खरी गंमत मुलं स्वतः कोडी घालायला लागतात तेव्हा. सुरुवातीला अशी येतात: 'आमच्या घरी एक फ्रीज आहे, तो पांढरा आहे, त्यात आइस्क्रीम असतं, सांगा कोण?' मोठी माणसं खो-खो हसतात. मूल बावरतं. त्याने काय कमी केलं हे त्याला कळत नाही, कारण मला माहीत असलेलं समोरच्याला माहीत नसतं, हे या वयात नुकतं कुठे उमजायला लागलेलं असतं. विमर आणि पर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये हे फार सोप्या गोष्टीतून तपासलं. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीनेक वर्षांची मुलं सांगतात, जिथे आता आहे तिथेच. आईने हलवलेलं मॅक्सीला ठाऊक नाही, हे चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास लक्षात यायला लागतं.

कोडं घालणं म्हणजे नेमकं हेच: उत्तर मनात धरून ठेवायचं आणि समोरच्याला थोडं थोडं द्यायचं. म्हणून फ्रीजवाल्याला मी म्हणते, 'अरे बापरे, कठीण आहे. कपाट का?' तो उड्या मारत 'नाही! फ्रीज!' मग पुढच्या खेपेला कानात सांगायचं, 'नाव लपवायचं हं, टीचरला पण कळू द्यायचं नाही.' काही आठवड्यांत त्याच पोराचं कोडं आलं: 'थंड आहे, लाइट गेली की रडतं.' म्हणजे पाणी गळतं. मला खरंच आलं नाही.

तुमच्या घरातल्या, पाच वर्षांच्या आतल्या मंडळींनी स्वतः रचलेली कोडी खाली लिहा. आईबाबांनी दुरुस्त केलेली नकोत. उत्तर लिहू नका, मी वर्गात विचारते आणि काय काय उत्तरं आली ते कळवते.